झाडांची रात्र

आमच्या कॉलेजातली झाडांची खोली बघायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवे कोणते, किती वॅटचे? ही खोली मी उभी केली आणि आजही मीच सांभाळतो. उत्तर देण्याआधी मी पाहुण्यांना दार दाखवतो. दाराच्या चारही कडांना काळी रबरी पट्टी आहे, आतून जाड काळा पडदा आहे, खिडकीच्या फटी लांबी भरून बुजवल्या आहेत. एसीच्या इवल्याशा लाल दिव्यावरही काळी चिकटपट्टी लावली आहे. दिवे दुकानात मिळतात, अंधाराची सोय मात्र स्वतःलाच करावी लागते. ती का करायची, हे कळायला शास्त्रज्ञांना कित्येक दशकं लागली.

विजेच्या उजेडात झाडं वाढवण्याचे सुरुवातीचे गाजलेले प्रयोग विल्यम सीमेन्स या अभियंत्याचे. जन्माने जर्मन, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला हा माणूस. टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या बंगल्याच्या बागेत त्याने आर्क दिवा लावला आणि मोहरी, गाजर, काकडी, खरबूज अशा रोपांचे चार गट केले. एक गट अंधारात, दुसरा फक्त विजेच्या उजेडात, तिसरा फक्त सूर्यप्रकाशात आणि चौथ्याला दिवसा सूर्य, रात्री दिवा. अंधारातली रोपं फिकट पिवळी पडून मेली. नवरात्रात घटाला जे लांब, पिवळे कोंब येतात ते आपण दरवर्षी बघतो. उजेडाविना वाढ अशीच होते. चौथा गट सगळ्यांत गडद हिरवा झाला. 1880 साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचताना सीमेन्सने निष्कर्ष काढला की चोवीस तासांत झाडाला विश्रांतीची गरज नसते. पानं बघून काढलेला निष्कर्ष होता, आणि पानांपुरता तो पटण्यासारखाही होता.

फुलांनी तो खोटा ठरवला. अमेरिकेत मेरिलँड मॅमथ नावाचा तंबाखू निघाला होता. माणसाच्या डोक्यावर जाईल इतका उंच, पानांनी लगडलेला, पण उन्हाळाभर फूल धरायचं नाव नाही. थंडी पडेपर्यंत बी येईना, मग वाण टिकवायचा कसा? तोच तंबाखू हिवाळ्यात काचघरात लावला की लहानपणीच फुलायचा. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या सरकारी शेतावर गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी ऊब, ओल, खत, सगळं तपासलं. कशाचाच मेळ बसेना. उरला फक्त दिवसाचा लहानमोठेपणा.

मग 1918 च्या जुलैत त्यांनी एक साधी, बिनखिडकीची, हवा खेळेल अशी अंधारी खोपटी उभारली. तंबाखूच्या कुंड्या आणि सोयाबीनची एक पेटी दुपारी चारला आत जायची, सकाळी नऊला बाहेर यायची. भर उन्हाळ्यात त्या रोपांना सात तासांचा दिवस मिळू लागला. बाहेरचा तंबाखू पानंच वाढवत राहिला, खोपटीतला फुलला. 1920 मध्ये त्यांनी हे छापलं. झाडांच्या खोल्यांचा इतिहास लिहायचा तर मी बंगल्यांतल्या भव्य काचघरांच्या आधी या खोपटीला मान देईन.

दिवस मोजतात झाडं, असं तेव्हा वाटलं. 1938 मध्ये शिकागोत हॅमनर आणि बॉनर यांनी आपल्याकडे बांधावर माजणाऱ्या शंकेश्वरावर प्रयोग केले. दिवसा मध्येच अंधार केला, झाडाला काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला, फूल येणं बंद. म्हणजे हे झाड मोजत होतं ती रात्र, आणि तीही सलग. पुढे 1952 मध्ये बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत दिसलं की रात्र मोडायला तांबडा उजेड सर्वांत प्रभावी असतो, आणि लगेच त्यापलीकडचा अतितांबडा उजेड दिला की मोडलेली रात्र पुन्हा जुळते. एसीच्या लाल दिव्यावरची चिकटपट्टी तिथून आली आहे. इतका बारीक दिवा फार काही बिघडवणार नाही, पण रात्र जपायचीच तर पूर्ण जपावी.

हे शास्त्र परदेशी खोल्यांत सिद्ध झालं, पण त्याचा परिणाम आमच्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने कायम पाहिला आहे. जुन्या, उशिरा येणाऱ्या वाणांची तूर उशिरा पेरली तर बुटकी राहते, कारण ती वाढ पुरी होण्याची वाट बघत नाही, रात्री लांबल्या की फुलते. शेवंतीचंही तेच. पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले रोप दांडीला लांब व्हावं म्हणून आधी मध्यरात्री दिवे लावतात आणि फुलं हवी तेव्हा संध्याकाळीच काळं कापड ओढतात. लग्नसराईला बिनहंगामी शेवंती मिळते ती या कापडामुळे.

म्हणून खोली करू पाहणाऱ्यांना मी सांगतो: आधी कोणतं झाड लावणार ते ठरवा. पालक, लेट्यूससारख्या पानांच्या पिकांना लांब दिवस मानवतो, पण फार लांबवला तर पालक तुऱ्यावर जातो. शेवंतीला लांब, अखंड रात्र हवी. टायमर त्याप्रमाणे लावा, आणि खोलीत दिवे बंद करून, डोळे सरावेपर्यंत थांबून, कुठून उजेड शिरतो ते शोधा.

शाळांकडे तर माझं मागणंच आहे. श्रावणात शेवंतीच्या दोन सारख्या कुंड्या घ्या. दोन्ही कुंड्या रात्री अंधारात ठेवा, एकीवर मात्र रोज रात्री दहा ते दोन साधा दिवा लावा. आश्विन-कार्तिकापर्यंत एक कळ्यांनी भरेल, दुसरी पानंच वाढवत राहील. खर्च एका दिव्याचा आणि टायमरचा. झाड रात्रीचा हिशोब ठेवतं, हे मुलांना पाठ करायला लावू नका, त्यांना ते बघू द्या.