एकोणचाळीस मिनिटांचे भांडण

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरातले जुने कागद आवरताना आईवडिलांची लग्नपत्रिका हाती लागली. साल १९५३, स्थळ लालबाग. मुहूर्ताच्या आकड्यांपुढे कंसात दोन अक्षरे छापली होती : 'स्टँ. टा.' शेजारी बसलेल्या नातीने विचारले, "आजोबा, हे काय?" मी म्हटले, "स्टँडर्ड टाइम." त्यावर तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग दुसरा कुठला टाइम असतो का?"

असतो नव्हे, होता. आपल्या मुंबईत होता. १९५५ सालापर्यंत या शहरात दोन वेळा नांदत होत्या. एक भारतीय प्रमाणवेळ आणि दुसरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे चालणारी मुंबई वेळ. पत्रिकेवर खुलासा नसता तर निम्मे वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर पोचले असते. आज लोकलच्या एका मिनिटासाठी जिने उतरत धावणाऱ्या मुंबईकराला हे खरे वाटणार नाही. पण या ३९ मिनिटांवरून मुंबईने जवळजवळ पाऊण शतक भांडण केले. ते भांडण कशासाठी होते, आणि मग ते कुठे गेले, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

गोष्ट सुरू होते रेल्वेपासून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या सूर्याची असे. सूर्य डोक्यावर आला की बारा. पुण्यात मुंबईच्या सुमारे चार मिनिटे आधी बारा वाजत. बैलगाडीने जाणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नव्हते. पण एकाच रुळावर दोन गाड्या धावू लागल्यावर चार मिनिटांचा घोळ जीवघेणा ठरू शकतो. म्हणून रेल्वेने साऱ्या देशासाठी एक वेळ धरली, ती मद्रासची. कलकत्ता आणि मुंबई यांच्या मधली म्हणून ती सोयीची. मात्र ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. म्हणजे घराच्या घड्याळावर विसंबून स्टेशनात गेलेल्या माणसाची गाडी अर्ध्या तासापूर्वीच सुटलेली असायची!

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही हीच मद्रास वेळ लागू केली. लोकांनी ती मानली नाही. राजाबाई मनोऱ्याच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, यावर विद्यापीठातही वाद झाला. अखेर दोन वर्षांनी सरकारलाच माघार घ्यावी लागली आणि मुंबईच्या घड्याळांत पुन्हा मुंबईचे बारा वाजू लागले.

दुसरी फेरी झाली १९०६ साली. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून सरकारने आजची भारतीय प्रमाणवेळ आणली. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. प्रमाणवेळेची रेघ साडेब्याऐंशी अंशांवर, मुंबई त्र्याहत्तरच्या थोडी अलीकडे. फरक येतो ३९ मिनिटांचा. कागदावर हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. पण नोव्हेंबर-डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पहाटेच्या अंधारात उठून गिरणी गाठणाऱ्या माणसाला तो हिशेब अंगावर जाणवणारा होता. गिरणीचा भोंगा नव्या वेळेने झाला, तर सूर्याच्या हिशेबाने त्याला ३९ मिनिटे आधी दारात उभे राहावे लागणार होते. त्या जानेवारीत शहरातील एका मोठ्या कापड गिरणीतल्या हजारो कामगारांनी याविरुद्ध काम बंद पाडले, दगडफेकही झाली. बंगालच्या फाळणीला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सरकारच्या प्रत्येक हुकमाकडे लोक संशयाने पाहत होते आणि घड्याळाचा हुकूमही त्याला अपवाद नव्हता.

सरकार आणि रेल्वे नव्या वेळेला चिकटून राहिले. महापालिकेने मात्र मुंबई वेळ सोडली नाही. मग पुढची जवळजवळ पन्नास वर्षे स्टेशनात एक वेळ आणि महापालिकेच्या घड्याळात दुसरी, असा कारभार चालला. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे ढकलली, तेव्हा हा फरक पावणेदोन तासांच्या जवळ गेला. शेवटी १९५५ साली मुंबई वेळ इतिहासजमा झाली. माझ्या आईवडिलांच्या पत्रिकेनंतर दोनच वर्षांनी.

आपण आज म्हणू की लोक वेडे होते, प्रगतीला विरोध करत होते. काही अंशी ते खरेही असेल. रेल्वेच्या देशाला एकच वेळ हवी, यात शंका नाही. पण त्या कामगारांचा प्रश्न वेगळा होता. घड्याळ तुम्ही हलवणार, मग आमची झोप कमी झाली तर त्याचा हिशेब कोण देणार? आपला वेळ ही आपली मालमत्ता आहे आणि ती न विचारता कोणी घेऊ नये, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

याच हिशेबावर पुढे गिरणगावाने मोठ्या लढाया केल्या. विजेचे दिवे आले तेव्हा गिरणीतला दिवस सूर्यास्ताला संपायचा राहिला नाही, तो तेरा-चौदा तासांवर गेला. मग कायदे आले. १९११ साली कापड गिरणीतील पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांचा ठरला, १९२२ साली आठवडा साठ तासांचा आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने अठ्ठेचाळीस तासांचा. यातला एकेक तास संप, सभा आणि उपासमार यांतून मिळालेला आहे, फुकट आलेला नाही.

माझे वडील साचेखात्यात होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की ते चहाचा कप खाली ठेवत, चपला घालत आणि चाळीचा जिना उतरत. सात-आठ मिनिटांत गिरणीच्या दारात. आमच्या चाळीतल्या बहुतेकांचे तसेच होते. पाळी सुटली की तेवढ्याच मिनिटांत माणूस घरी. मग भजन, व्यायामशाळा, नाटकाची तालीम, युनियनची सभा. गिरणगावातून एवढे शाहीर, नट आणि कार्यकर्ते कसे निघाले याची कारणे पुष्कळ सांगतात. मला त्यात एक साधे कारणही दिसते. कामाची जागा आणि घर यांत अंतर नव्हते, म्हणून संध्याकाळ शिल्लक राहत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. एकेक भोंगा बंद पडत गेला. आमच्यासारखी हजारो कुटुंबे लालबाग-परळ सोडून डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरारकडे सरकली. आम्ही १९८४ साली डोंबिवलीला आलो. माझी नोकरी फोर्टात होती. भोंग्याची जागा लोकलच्या वेळापत्रकाने घेतली.

लोकल काही तेव्हा नवी नव्हती. विरारहून मुंबईला येणारी गाडी १८६७ सालीच सुरू झाली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली, तिला चार डबे होते. १९२८ साली पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली वीज आली. त्या वेळी लोकल हे शहराच्या सोयीचे साधन होते. शहराच्या पोटात घोड्यांची आणि पुढे १९०७ पासून विजेची ट्राम होती, १९२६ पासून बस होती. ट्राम रमतगमत जाई, तिच्या वेळेवर कोणाचा संसार अडत नसे. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. त्यानंतरच्या काळात माणसे दूर दूर राहायला गेली, कचेऱ्या मात्र दक्षिणेकडेच राहिल्या. सोयीचे साधन होते ते शहराचा कणा होऊन बसले.

आणि शहराची भाषा बदलली. डोंबिवली किती लांब, असे विचारले तर कोणी किलोमीटर सांगत नाही. 'फास्टने सव्वा तास' असे उत्तर येते. गाड्यांना नावे नाहीत, मिनिटे आहेत. आठ-सदतीस, नऊ-अकरा. आमच्या आठ-सदतीसच्या ग्रुपमध्ये लग्ने जमली, वर्गण्या निघाल्या, दसऱ्याला डब्याला तोरणे लागली. बायकांच्या डब्यात संध्याकाळी मटार सोलून होत, कारण घरी पोचल्यावर त्याला वेळ नव्हता. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांची गाडी सुरू झाली, तेव्हा माझ्या बहिणीला सण झाल्यासारखे वाटले होते. हे सारे आपण कौतुकाने सांगतो, त्याला मुंबईचे स्पिरिट म्हणतो. मीही म्हणत होतो.

निवृत्त झाल्यावर एकदा सहज हिशेब मांडला. घरातून निघून टेबलापर्यंत दीड तास, परतताना दीड. दिवसाचे तीन तास. वर्षाचे कामाचे दिवस २७० धरले आणि नोकरीची तीस वर्षे, तर होतात २४,३०० तास. म्हणजे रात्रंदिवस धरून पावणेतीन वर्षे मी गाडीत, फलाटावर आणि जिन्यांवर काढली. माझ्या वडिलांच्या पिढीने बारा तासांचा दिवस आठ-नऊ तासांवर आणला. त्यांनी मिळवलेले तीन तास मी रोज लोकलला देऊन टाकले, आणि त्याची पावती मागावी असे मला कधी सुचलेही नाही. उलट गाडी उशिरा आली की लेटमार्क माझाच, आणि तीन लेटमार्कांना एक रजाही माझीच.

वेळ गेला एवढ्यावरही हे भागत नाही. नऊ डब्यांची गाडी सुमारे सतराशे माणसांसाठी असते, गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांवर माणसे असतात. चौरस मीटरच्या जागेत चौदा ते सोळा. रेल्वेने याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असे नावच दिलेले आहे. २०२३ साली मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मरण पावली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. ९ जून २०२५, सोमवारची सकाळ. मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यांनी पुढची गाडी का नाही पकडली, असे विचारणारे तेव्हाही होते. मी दारात लटकून गेलेला माणूस आहे. पुढच्या गाडीलाही तेवढीच गर्दी असते, आणि कचेरीच्या दारावरचे घड्याळ थांबत नाही, हे मला माहीत आहे.

डबे वाढले. नवाचे बारा झाले, काही ठिकाणी पंधरा. २०१७ च्या नाताळात बंद दरवाजांची वातानुकूलित गाडी आली, २०१४ पासून मेट्रो आली आहे आणि तिचे जाळे वाढते आहे. हे सारे हवेच आहे. पण या सगळ्यात आपण फक्त गाड्या हलवत आलो, कचेऱ्यांची घड्याळे जागची हलली नाहीत. त्याचा अनुभव २०२१ च्या फेब्रुवारीत आला. करोनामुळे बंद असलेली लोकल सर्वसामान्यांना खुली झाली, पण सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. कचेऱ्यांनी वेळा बदलाव्यात अशी अपेक्षा होती. फार थोड्यांनी बदलल्या. नोकरदार माणूस पास खिशात घेऊन बसच्या रांगेत उभा राहिला.

म्हणून ती १९०६ ची गिरणी मला आठवते. तेव्हा मुंबईकरांचे घड्याळ त्यांना न विचारता हलवले, म्हणून ते चिडले होते. आज घड्याळ हलवावे अशी वेळ आली आहे, तर ते हलवायला कोणी तयार नाही. निम्म्या कचेऱ्या दहाला आणि निम्म्या बाराला उघडल्या, आठवड्यातले दोन दिवस घरून काम झाले, तर एकही नवा रूळ न टाकता गाडीतली गर्दी पातळ होईल. महासाथीच्या काळात हे कितीतरी कामांत जमते, हे सिद्ध झालेले आहे. आणि जिथे यंत्रावर किंवा रुग्णाच्या उशाशीच बसून काम करावे लागते, तिथे निदान प्रवासाचे तास कोणाच्या तरी हिशेबात धरले जावेत.

लग्नपत्रिका मी पुन्हा पेटीत ठेवली. नात आता ऐरोलीला नोकरीला लागणार आहे. तिने पहिल्याच मुलाखतीत विचारले, "ऑफिसची वेळ बदलून मिळेल का?" मला क्षणभर धसकाच बसला. आमच्या काळी असे विचारायची पद्धत नव्हती. मग वाटले, तिच्या पणजोबांच्या गिरणगावात होती.