दुनळीचा तोल

माळरानावरच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी कोणती बंदूक घ्यावी, हा प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावर सुटण्यासारखा वाटतो. पण ब्रिटन आणि अमेरिकेत या एका प्रश्नावर दीडशे-दोनशे वर्षे ग्रंथ लिहिले गेले, जाहीर चाचण्या झाल्या, कारागिरांमध्ये पेटंटांवरून भांडणे झाली. ही सगळी चर्चा नळीची लांबी, वजन, छर्‍याचा आकार अशा तांत्रिक भाषेत चालली. तिच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र वेगळा होता. एका माणसाने एका दिवसात किती पक्षी मारले म्हणजे पुरे? आणि त्याची मर्यादा बंदुकीने घालायची, कायद्याने की माणसाने स्वतः?

आधी पक्षी कोणते ते पाहू. पाणथळीतल्या बदकांपासून वेगळे काढण्यासाठी इंग्रजीभाषक शिकारी ज्यांना ‘अपलँड’ पक्षी म्हणतात, त्यांत स्कॉटलंडच्या हेदरच्या माळावरचा ग्राउज, शेताच्या बांधावरचे तित्तर, झाडीतला फेझंट, अमेरिकेतला बॉबव्हाइट लावा, ओलसर रानातला वुडकॉक असे पक्षी येतात. यांच्यामागे शिकारी दिवसभर चालतो. वास लागताच कुत्रा जागीच थिजतो, शिकारी पुढे सरकतो आणि पक्षी जवळजवळ पायाखालून फडफडत उठतो. दोन-तीन सेकंदांत तो टप्प्याबाहेर जातो. म्हणजे बंदूक आठ तास वाहायची आणि मोजक्या वेळा उडवायची. वाहायला ती हलकी हवी, धक्का सोसायला जड हवी. निवडीचा सारा पेच या दोन मागण्यांमध्ये आहे.

पक्ष्याने घडवलेली कळ

मराठीतल्या शब्दांवरूनही बंदुकीचा इतिहास वाचता येतो. ‘बंदूक’ शब्दाच्या मुळाशी असलेला अरबी ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट आणि त्यावरून मातीची गोळी. दारू येण्यापूर्वी गलोलीसारख्या धनुष्यातून अशा गोळ्या पक्ष्यांवर मारत. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले. तोड्याची, चकमकीची, केपाची, ठासणीची ही विशेषणे म्हणजे बार पेटवण्याच्या आणि भरण्याच्या पद्धतींची यादीच आहे.

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर ठिणगी कानातल्या दारूवर पडे, तिथे भडका उडे आणि मग आतली दारू पेटे. या दोन क्षणांमध्ये अंतर राही. उडत्या पक्ष्याला तेवढे पुरे होई, आणि भडका दिसताच पाण्यावरची बदके बुडीही मारत. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉरसिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता आणि रसायनांचाही. आघाताने पेटणारी भुकटी वापरून बार उडवण्याची युक्ती त्यांनी शोधली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे तांब्याची टोपी आली, म्हणजे आपली ‘केपाची बंदूक’. लष्कराने ही पद्धत बर्‍याच वर्षांनी उचलली. युद्धाचे हत्यार शिकारीला आले, असे आपण सहसा समजतो. इथे पक्ष्यामागे लागलेल्या एका पाद्र्याची सोय सैन्यापर्यंत पोहोचली.

तरीही बंदूक ठासणीचीच होती. दोन्ही नळ्यांचे बार झाले की शिकार्‍याने उभे राहून दारू ओतायची, बोळा दाबायचा, छर्रे घालायचे, पुन्हा गज मारायचा. तेवढ्या वेळात उरलेला थवा पुढच्या टेकडीआड जाई. हा विलंब कोणी नियम म्हणून घातला नव्हता, पण तो नियमासारखा काम करी.

फ्रान्समधल्या लफोशो यांची मागून काडतूस भरायची बंदूक १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात मांडली गेली. लंडनच्या कारागिरांनी आधी नाके मुरडली, मग तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी बाहेरचे घोडे काढून टाकून आतल्या आत कळ बसवली. पुढे रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकणारी रचना आली. पंचवीस-तीस वर्षांत तो जुना विलंब नाहीसा झाला.

मोजणीचे वेड

याच काळात ब्रिटनमधल्या जमीनदारवर्गात शिकारीची रीतही पालटली. चालत जाऊन पक्षी उठवण्याऐवजी हाकारे लावून पक्षी आपल्याकडे उडवून आणायचे आणि आडोशाला उभे राहून ते टिपायचे. मागे नोकर दुसरी बंदूक भरून तयार ठेवी. त्यामुळे बंदुका जोडीने बनू लागल्या, वजनाला आणि तोलाला अगदी सारख्या.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ३० ऑगस्ट १८८८ रोजी यॉर्कशरमधल्या ब्लबरहाउसेसच्या माळावर लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी एकट्याने एका दिवसात १०७० ग्राउज मारले. मार्क्विस ऑफ रिपन यांच्या आयुष्यभराच्या नोंदींची बेरीज पाच लाखांवर जाते. १९२३ च्या सप्टेंबरात ते वारले तेही ग्राउजच्या माळावरच, सकाळची शिकार आटोपल्यावर. हेच वॉल्सिंगहॅम बारीक पतंगांचे जगन्मान्य अभ्यासक होते आणि त्यांचा प्रचंड संग्रह १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमला गेला. टिपणे, मोजणे आणि जमवणे त्या काळात एकाच स्वभावात नांदत होते.

तोलाचे गणित

कुत्र्यासोबत चालणार्‍याची गरज मात्र निराळी राहिली, आणि बंदूक निवडण्याचे खरे शास्त्र त्याच्यासाठी घडले.

पहिला प्रश्न बोअरचा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. बारा बोअरच्या नळीचा व्यास ०.७२९ इंच, वीसचा ०.६१५.

दुसरा प्रश्न वजनाचा. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावावर एक ठोकताळा सांगितला जातो: बंदुकीचे वजन छर्‍याच्या वजनाच्या ९६ पट असावे. एक औंस छर्रा उडवायचा तर बंदूक सहा पौंडांची, म्हणजे सुमारे २.७ किलोची. सव्वा औंस उडवायचा हट्ट असेल तर साडेसात पौंड खांद्यावर घेऊन डोंगर चढा. हा हिशेब चालणार्‍याला आपोआप संयम शिकवतो. जास्त शिसे हवे असेल तर त्याची किंमत स्वतःच्या खांद्याने आणि पोटर्‍यांनी मोजावी लागते.

तिसरा प्रश्न नळीच्या तोंडाचा. नळी तोंडाशी किंचित आवळली की छर्रे कमी पसरतात. यालाच ‘चोक’ म्हणतात. न्यूकॅसलच्या पेप यांनी १८६६ मध्ये याचे पेटंट घेतले, अमेरिकेतल्या शिकार्‍यांनीही श्रेय सांगितले आणि १८७५ च्या लंडनमधील चाचण्यांत ग्रीनर यांच्या आवळ नळ्यांनी बाजी मारली. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळात सरळ नळीचे सुमारे ४० टक्के छर्रे पडतात, पूर्ण आवळलेल्या नळीचे ७० टक्के. आकडे ऐकून सगळ्यांनाच आवळ नळी हवीशी वाटली. पण पायाजवळून उठलेला पक्षी पंधरा-वीस यार्डांवर टिपायचा असतो. तिथे आवळ नळीचा मारा फार लहान जागेत जातो. नेम चुकला तर काहीच नाही आणि लागला तर पक्ष्याच्या चिंध्या.

यावर दुनळीने साधे उत्तर दिले. उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली, आणि दोघींना दोन चाप. पक्षी जवळ असेल तर पुढचा चाप, दुसरा पक्षी दूर गेला असेल तर मागचा. बोट एका चापावरून दुसर्‍यावर सरकते तेवढ्यात निवड होते. त्यानंतर बंदूक रिकामी, आणि शिकार्‍याला थांबावेच लागते.

तिसरे काडतूस

अमेरिकेने हे थांबणेही काढून टाकले. विंचेस्टरची १८९७ ची सरकत्या मुठीची बंदूक आणि जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आणलेली स्वयंचलित बंदूक पाच-सहा बार लागोपाठ काढू शके. दोन्ही यंत्रे भक्कम आणि इंग्रज कारागिराच्या हातघडणीच्या दुनळीपेक्षा कितीतरी स्वस्त. सामान्य शेतकर्‍याच्या हाती चांगली बंदूक आली, ही त्यातली लोकशाहीची बाजू मान्य केली पाहिजे.

पण रेल्वेने शिकागो आणि न्यूयॉर्कच्या बाजारांत पक्ष्यांची पिंपे पोहोचत होती आणि त्या बाजारासाठी मारणारे धंदेवाईक शिकारी होते. प्रवासी कबुतराची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. हीथ हेन हा तर माळावरचाच पक्षी. पूर्व किनार्‍याच्या मुख्य भूमीवरून तो एकोणिसाव्या शतकातच, म्हणजे या नव्या बंदुका येण्यापूर्वीच, संपला. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याच्यासाठी १९०८ मध्ये राखीव रान केले, १९१६ च्या वणव्याने त्यावर घाला घातला आणि १९३२ नंतर तो कोणालाच दिसला नाही. दोष एकट्या बंदुकीचा नव्हता. कुर्‍हाड, नांगर, आगगाडी, आग आणि रोग यांचाही वाटा होता. तरी जिथे पक्षी आधीच आटले होते, तिथे प्रत्येक जादा काडतूस महागात पडणार होते.

मग कायदे आले. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा, १९३५ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांवर एका वेळी तीनच काडतुसे भरण्याची मर्यादा आणि १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा, ज्याने बंदुका व काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. तीन काडतुसांची मर्यादा पाळण्यासाठी बंदुकीच्या पोटात खुंटी ठोकावी लागते. दुनळीला अशी खुंटी लागत नाही, कारण तिची मर्यादा तिच्या घडणीतच आहे.

निवडीचा हक्क कोणाचा

हिंदुस्थानात याच बंदुका साहेबांच्या सामानातून आल्या. काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी असलेले अ‍ॅलन ह्यूम हे मोठे पक्षिसंग्राहक होते. त्यांनी आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ दरम्यान इथल्या शिकारयोग्य पक्ष्यांवर तीन खंड काढले. पण त्यांच्या आधी वर्षभर, १८७८ चा शस्त्रकायदा लागू झाला होता. युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना. कोणती बंदूक घ्यावी हा प्रश्नच इथे बहुतेकांना विचारला गेला नाही.

त्याच माळावर फासेपारधी तित्तर आणि लावे फाशात धरत होते. पक्ष्याचा माग, त्याचा आवाज, त्याची पळवाट यांचे त्यांचे ज्ञान कुठल्याही साहेबापेक्षा कमी नव्हते. तरी साहेबाची ती शिकार ठरली आणि पारध्यांच्या कपाळी गुन्हेगार जमातीचा शिक्का आला. तो कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुरता नाही.

बंदुकीचा आणखी एक उपयोग मुंबईशी जोडलेला आहे. एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवायला पोरवयातले सालीम अली १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. पुढे निजामाच्या राज्याचे, म्हणजे मराठवाड्यासह मोठ्या मुलखाचे, पक्षिसर्वेक्षण त्यांनी केले तेव्हा नमुने बंदुकीनेच गोळा होत. संग्राहकाला पक्षी मेलेला पण अखंड हवा असतो, म्हणून तो अगदी बारीक छर्रा निवडतो. त्याच माणसाने पुढचे आयुष्य ते पक्षी जगवण्यासाठी वेचले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार आवळत नेली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. गावात पीकराखणीची एखादी ठासणीची बंदूक उरली आहे, तेवढीच. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात अभयारण्य झाले, पण तोवर त्या पक्ष्याची संख्या फार खालावली होती.

परदेशात मात्र निवड चालूच आहे, आणि तिचा विषय आता शिसे हा आहे. माळावर पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात, जखमी पक्षी खाणारी गिधाडे विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाचा वापर पूर्ण बंद केला. पोलादी छर्रा कठीण असतो, जुन्या मऊ नळ्यांना तो सोसत नाही. आजोबांची दुनळी हाती असलेल्या तिथल्या माणसापुढे आता तीन वाटा आहेत: महागडा पर्यायी छर्रा घ्यायचा, नवी बंदूक घ्यायची, किंवा जुनी भिंतीवर टांगून कुत्र्याला घेऊन नुसतेच माळावर फिरायला जायचे.