खेड्याच्या वाटेवरील शेवटचा कोस

श्रोतेहो, आमची भिवंडी मुंबईपासून कांहीं फार दूर नाहीं. तरीहि १८५४ सालीं आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोहोंचली ती भिवंडी व निजामपुरा बाजूस ठेवूनच. मोठा मार्ग जवळून जाणें आणि तो आपल्या दारीं येणें यांत अंतर असतें, हा धडा आम्हांस तेव्हांच मिळाला. आज खेडोपाडीं इंटरनेट नेण्याचा जो प्रचंड उद्योग चालला आहे, त्याचा पूर्वेतिहास म्हणजे याच अंतराचा इतिहास होय.

१८५५ सालीं तारायंत्र सामान्य जनांस खुलें झालें. तारेचे खांब शेताशिवारांतून गेले. परंतु खेडुतास तार करावयाची तर शहराची वाट धरावी लागे. तार त्याच्या डोक्यावरून जाई, त्याच्याशीं बोलत नसे.

पुढें रेडिओ आला. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत श्रोतृमंडळें चालविलीं. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. गांवकरी एकत्र बसून ऐकत, ऐकलेल्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत; त्यांचीं उत्तरें पुढें रेडिओवरून मिळत. खेडुतास कानाबरोबर तोंडहि आहे, हें या प्रयोगानें मानलें. त्याचें महत्त्व यांतच आहे.

टेलिफोनाची अडचण निराळी होती. परदेशी यंत्रांस थंड हवेच्या खोल्या लागत. त्या खेड्यांत कोठून आणाव्या? १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें उन्हाधुळींत टिकणारें लहान एक्स्चेंज तयार केलें. तें १९८६ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें प्रथम बसलें. यंत्र खेड्याच्या प्रकृतीस मानवेल असें घडविलें, म्हणूनच तें तेथें रुजलें.

इंटरनेटच्या बाबतींत महाराष्ट्रानें लवकर पाऊल टाकलें. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी परिसरांत, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवांसाठीं संगणक-केंद्रांची योजना सुरू झाली. ज्ञानाचीं सर्व दालनें उघडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत शेतकरी केंद्रावर येई तो मुख्यतः उंसाची नोंद, वजन आणि पैसे मिळण्याची तारीख पाहण्यासाठीं! पुढें कांहीं गांवांत हेंच काम मोबाइलच्या संदेशांनीं करून पाहिलें, आणि तें अधिक स्वस्तांत झालें. यांत खेडुतास हंसण्याचें कारण नाहीं. घामाचे पैसे कधीं मिळणार, हाच त्याचा पहिला प्रश्न होता. ज्या साधनानें तो सुटला, तें त्यानें आपलेंसें केलें.

२०११ सालीं केंद्र सरकारनें सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर, म्हणजे केसासारख्या काचतंतूंची तार, नेण्याचें ठरविलें. २०१५ पासून या योजनेचें नांव भारतनेट झालें. मुदती वारंवार पुढें गेल्या. त्याहून मोठी उणीव ही, कीं तार पंचायतीपाशीं थांबे. तेथून घरापर्यंतचा कोस कोणीं चालावयाचा, हें नीट ठरलें नव्हतें. २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां त्याची किंमत मुलांनीं मोजली. रेंज मिळावी म्हणून कोंकणांत कित्येक मुलें टेंकडीवर जाऊन बसत. २०२३ सालीं १,३९,५७९ कोटि रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तींत घरोघर जोडणी आणि तारेची देखभाल यांचा विचार आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

आमच्या तालुक्यांतील काल्हेर, पूर्णा, माणकोली या गांवांच्या भूमीवर आज अवाढव्य गोदामें उभीं आहेत. आपण शहरांत बसून इंटरनेटवर मागविलेला पुष्कळसा माल तेथूनच येतो. ज्या गांवांच्या भूमीवर हा व्यापार चालतो, त्यांच्या मुलांनाहि त्या जाळ्याचा लाभ व्हावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

तेव्हां श्रोतेहो, आपण आपल्या मूळ गांवीं जाल, तेव्हां तार आली काय एवढेंच विचारूं नका. ती चालते काय, तुटल्यास कोण जोडतो आणि शेवटच्या घरांतील मूल तिच्यावर धडा वाचूं शकतें काय, हेंहि विचारा. किती मैल तार पुरली हा हिशेब कंत्राटदाराचा. किती घरें बोलकीं झालीं, हा समाजाचा.