मैदानाच्या कडेला: ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील महिलांचे सामने व त्यांचा प्रेक्षकवर्ग

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासाची मांडणी आजवर मुख्यतः खेळाडू, संघटना आणि नियमपुस्तिका यांच्या आधारे होत आली असून, सामना पाहायला आलेल्या माणसाला तिच्यात फारसे स्थान मिळालेले नाही. महिलांच्या खेळांच्या बाबतीत ही उणीव अधिक खटकणारी आहे, कारण मुलींनी खुल्या मैदानावर उतरणे ही जेवढी मोठी सामाजिक घटना होती, तेवढीच त्यांचा खेळ वस्तीने चारचौघांत बसून पाहणे हीदेखील होती. अमेरिकेत महिलांच्या बास्केटबॉलचा चाहता महाविद्यालयाच्या आवारात घडला आणि त्याच्या आठवणी महाविद्यालयाच्या नावाशी जोडल्या गेल्या. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात महाविद्यालये असूनही तसा चाहता त्यांच्या आवारात घडला नाही. येथे तो क्रीडा मंडळांच्या मैदानावर, कबड्डी आणि खो-खोच्या सामन्यांच्या कडेला घडला, आणि या एका फरकामुळे त्याच्या स्मृतीचे स्वरूप, तिचे बळ आणि तिच्या मर्यादाही वेगळ्या झाल्या.

तुलनेसाठी अमेरिकेतील आरंभ ध्यानात घेणे उपयुक्त ठरते. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलची रचना केली आणि पुढल्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेज या महिला महाविद्यालयात तो खेळ विद्यार्थिनींना शिकवायला घेतला. मार्च १८९३ मध्ये तेथे दोन वर्गांत झालेल्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता, आणि १८९६ मध्ये स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींमध्ये झालेला सामनाही केवळ स्त्री-प्रेक्षकांसमोर खेळवला गेला. महिलांच्या बास्केटबॉलचा पहिला प्रेक्षक म्हणजे वर्गमैत्रीण होती. शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये झाल्यावर महाविद्यालयांतील महिला संघ वाढत गेले आणि गावकरी, माजी विद्यार्थी व कुटुंबे त्या प्रेक्षकवर्गात सामील झाली. तरी निष्ठेचा केंद्रबिंदू महाविद्यालयच राहिला.

स्त्रियांचा खेळ स्त्रियांनीच पाहावा, ही मर्यादा मराठी समाजालाही अनोळखी नव्हती. नागपंचमीच्या फेरात किंवा श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेच्या मंगळागौरीला जागवल्या जाणाऱ्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा यांसारखे दमछाक करणारे खेळ होत, त्यांत चढाओढही असे. परंतु खेळणारी आणि पाहणारी यांच्यात तेथे कायमची सीमारेषा नव्हती, कारण थकलेली बाई भिंतीला टेकून प्रेक्षक होई आणि बघणारी पदर खोचून खेळात शिरे. घराबाहेरच्या मैदानावर मुली आल्या त्या शाळांतील शारीरिक शिक्षणामुळे आणि संघटनांमुळे. १९३६ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेली राष्ट्र सेविका समिती आणि १९४१ मध्ये नव्याने उभे राहिलेले राष्ट्र सेवा दल यांच्या विचारसरणी परस्परविरोधी होत्या, तरी मुलींच्या व्यायामाला आणि मैदानी खेळांना प्रतिष्ठा देण्याचे काम दोघांनीही आपापल्या परीने केले. या टप्प्यावर मुलींचा खेळ पाहणारे लोक हे पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते होते. तिऱ्हाईत प्रेक्षक यायला अजून अवकाश होता.

तो अवकाश भरून काढला नियमबद्ध स्पर्धांनी. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने तयार केले, तर हुतुतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने प्रसिद्ध केले. अखिल भारतीय कबड्डी संघटना १९५० मध्ये स्थापन झाली, पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला आणि महिलांची १९५५ मध्ये कलकत्त्याला झाली; खो-खोत महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापूर येथे सुरू झाली. या तारखांचे प्रेक्षकांच्या दृष्टीने महत्त्व असे, की ठरावीक वेळ, ठरावीक गुण आणि पंचांचा निकाल आल्यामुळे अनोळखी माणसालाही सामन्यात बाजू घेता येऊ लागली. नात्याच्या मुलीसाठी आलेला माणूस आता जिल्ह्याच्या संघासाठी थांबू लागला. कबड्डीमहर्षी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या पिढीच्या संघटकांनी जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशी स्पर्धांची चढती साखळी उभी केली, आणि तिच्यामुळे गल्लीतल्या संघाच्या विजयाला गल्लीबाहेरचा अर्थ मिळाला.

या साखळीची सर्वांत खालची आणि सर्वांत मजबूत कडी म्हणजे स्थानिक मंडळ होय. वर्गणीवर चालणारे, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि क्रीडासंघ यांची जबाबदारी एकाच वेळी सांभाळणारे हे मंडळ ठाणे परिसराचे वैशिष्ट्य राहिले आहे. ठाण्यात चरई भागातील श्री मावळी मंडळासारख्या जुन्या संस्थेने भरवलेल्या कबड्डी स्पर्धांत पुरुषांबरोबर महिलांचेही गट खेळत आले आहेत. खाडीकाठच्या आणि डोंबिवली-कल्याणभोवतीच्या आगरी-कोळी गावांत कबड्डी हा भातकापणीनंतरच्या मोकळ्या दिवसांचा खेळ होता. १९६० च्या दशकापासून डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली, मुंबईत नोकरी करणारी मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहायला आली आणि गावकीचा खेळ व चाळ-सोसायटीतला प्रेक्षक एकाच मैदानाभोवती जमू लागले. ठाण्याचे गावदेवी मैदान, कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे भागशाळा मैदान यांसारख्या जागा सभा, जत्रा, क्रिकेट आणि कबड्डी या सर्वांना पुरून उरणाऱ्या होत्या, आणि रस्त्याने जाणारा माणूस तिकिटाशिवाय तेथे डोकावू शकत होता.

मातीच्या मैदानावरील सामन्याची मांडणीच प्रेक्षकाला खेळाच्या अगदी जवळ आणून ठेवणारी होती. माती चाळून, पाणी मारून, चोपून क्रीडांगण तयार केले जाई, त्यावर फक्कीने रेषा आखल्या जात, भोवती बांबूचे कठडे आणि एखाद-दुसऱ्या बाजूला पायऱ्यांची तात्पुरती गॅलरी उभी राही. महिलांचे क्रीडांगण १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे पुरुषांच्या १३ बाय १० मीटरपेक्षा लहान असते, आणि त्यांचा सामना २० ऐवजी १५ मिनिटांच्या दोन डावांचा असतो. परिणामी चढाई करणाऱ्या खेळाडूला वळायला जागा कमी मिळते आणि चुकीला सावरायला वेळही कमी मिळतो. कठड्याला टेकलेल्या प्रेक्षकाला तिचा दम, म्हणजे एका श्वासात चाललेला कबड्डीचा उच्चार, ऐकू येई. तो तुटला की पंचांच्या शिट्टीआधी गर्दीतूनच आवाज उठे. निदान रेषा, म्हणजे चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा, पाय पडून पुसली गेली, की ती खरोखर ओलांडली गेली होती का यावर कडेच्या माणसांत पंचांइतकाच गंभीर वाद होई. समोरचा अख्खा संघ बाद करून दोन जादा गुण मिळवणे याला लोण म्हणतात, आणि लोण चढल्यावर ध्वनिक्षेपकावरील समालोचकाच्या वाढत्या स्वराबरोबर बक्षिसेही जाहीर होत. एखादा दुकानदार किंवा माजी खेळाडू उत्कृष्ट पकडीसाठी जागच्या जागी रोख रक्कम देई आणि ती घेताना खेळाडूचे नाव सगळ्या मैदानाला पाठ होई.

खो-खोचा प्रेक्षक वेगळ्या तऱ्हेने घडला. तिघींच्या तुकडीने मैदानात उतरायचे, आठ बसलेल्या आणि एक धावणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूंना हुलकावणी द्यायची आणि नऊ मिनिटांच्या डावातला जास्तीत जास्त वेळ नाबाद राहायचे, असे या खेळाचे स्वरूप असल्यामुळे तेथे गुणांइतकेच घड्याळ पाहिले जाते. म्हणूनच वृत्तपत्रांतील खो-खोच्या बातम्यांत खेळाडूच्या नावापुढे संरक्षणाची मिनिटे-सेकंद आणि तिने बाद केलेले गडी एवढेच दिलेले असते. ही नोंद अचूक असली तरी अपुरी आहे, कारण त्या अडीच मिनिटांत तिने खांबाजवळ किती वेळा दिशा बदलली, साखळी पद्धतीने पळताना पाटीवरच्या मुलींना कसे चकवले, हे केवळ पाहणाऱ्याच्या स्मरणात राहते. ठाणे जिल्ह्यातील शाळा आणि मंडळे यांनी खो-खोची ही परंपरा टिकवून ठेवली आणि तिच्यातून पुढे आलेल्या रेश्मा राठोड जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत नेपाळला ७८-४० असे हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होत्या.

महाविद्यालये या कहाणीत मागे का राहिली, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये कला-वाणिज्य महाविद्यालय सुरू केले, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये आले, आणि दोन्ही शहरांच्या मुली मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळत राहिल्या. परंतु हे सामने कामाच्या दिवशी, भर दुपारी आणि पुष्कळदा दूरच्या मैदानावर होत. नोकरदार पालक किंवा शेजारी तेथे पोचणे कठीण होते आणि वर्गमैत्रिणींना परतीची लोकल गाठायची असे. त्याहून मोठे कारण काळाचे होते. महाविद्यालयाचा गणवेश खेळाडूच्या अंगावर तीन किंवा पाच वर्षे राहतो, तर मंडळाचा गणवेश शाळकरी वयात चढतो आणि नोकरी लागल्यावरही उतरत नाही. प्रेक्षकाला ओढ लागते ती अशा दीर्घ ओळखीची: कुमार गटात घाबरत चढाई करणारी मुलगी दहा वर्षांनी संघ सावरताना पाहणे, यातच स्थानिक चाहत्याचा खरा आनंद सामावलेला होता. बास्केटबॉल तर मुंबईत नागपाड्यासारख्या मोजक्या वस्त्यांत रुजला. त्याला लागणारे पक्के क्रीडांगण आणि कड्या यांचा खर्च पाहता वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला माती आणि फक्की पुरेशी वाटली, यात नवल नाही.

मंडळाच्या मैदानाला स्वतःच्या मर्यादाही होत्या. महिलांचे सामने बहुधा संध्याकाळी लवकर उरकले जात आणि गर्दीचा रात्रीचा वेळ पुरुषांसाठी राखला जाई, त्यामुळे उशिराच्या गाडीने परतणाऱ्या माणसाला महिलांचा अंतिम सामना हुकण्याची शक्यता अधिक असे. दुसरी मर्यादा लग्नाची होती. काही खेळाडू लग्नानंतर मैदानातून नाहीशा झाल्या, काही वेगळ्या आडनावाने परतल्या. वृत्तपत्रांनी नवे आडनाव छापले, कडेचे जुने जाणकार मात्र माहेरच्याच नावाने हाक देत राहिले, आणि त्यामुळे एकाच खेळाडूची कारकीर्द कागदोपत्री दोन ठिकाणी विभागली गेली. खेळाला नोकरीची जोड मिळाल्यावर ही स्थिती काही अंशी बदलली. रेल्वेसारख्या आस्थापनांचे महिला संघ आणि राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी २००५ पासून असलेले ५ टक्के आरक्षण यांमुळे मुलीच्या खेळाकडे घराने पाहण्याची दृष्टी पालटली, आणि सामन्याला येणाऱ्या पालकांत आईइतकाच बापही दिसू लागला.

एकविसाव्या शतकात प्रेक्षकाची जागाच हलली. मातीऐवजी मॅट आली, सामने बंदिस्त सभागृहांत गेले आणि डोकावून पाहणाऱ्या वाटसरूला दार आडवे आले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत महिलांच्या कबड्डीचा प्रथमच समावेश होऊन भारताने सुवर्णपदक मिळवले. २०१२ मध्ये पाटणा येथे पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. तरीही २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी या व्यावसायिक स्पर्धेने दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोचवले ते पुरुषांना. महिलांसाठी २०१६ मध्ये घेतलेली तीन संघांची स्पर्धा एका हंगामापुरती राहिली. म्हणजे दूरचित्रवाणीने मैदानावरचा प्रेक्षक काही प्रमाणात घरी नेला, पण महिलांच्या खेळासाठी त्या बदल्यात पडद्यावरचा प्रेक्षक दिला नाही.

याच काळात क्रिकेटने मात्र गर्दीचा दुसरा नमुना दाखवला. ठाणे जिल्ह्याच्याच हद्दीत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ११ डिसेंबर २०२२ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी सामन्याला, प्रवेश विनामूल्य असताना, सुमारे ४७ हजार प्रेक्षक आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथेच भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तिकिटे काढून आलेल्या गर्दीने स्टेडियम भरले होते. या प्रेक्षकाची निष्ठा देशाच्या संघाशी आणि नामांकित खेळाडूंशी आहे. त्याची आठवण चित्रफितींत जपली जाते आणि कोणालाही पुन्हा पाहता येते.

मंडळाच्या मैदानावरील सामन्यांना ते संरक्षण नाही. त्यांचा पुरावा म्हणजे मंडळांच्या स्मरणिका, पंचांच्या गुणपत्रिका, भिंतीवरील पिवळे पडलेले समूहचित्र आणि कडेला बसलेल्यांचे बोलणे. पैकी पहिल्या तीन गोष्टी निकाल सांगतात. सामना कसा झाला हे चौथीच सांगते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील महिलांच्या खेळाचा इतिहास लिहिताना प्रेक्षकांच्या मौखिक साक्षी पूरक साधन म्हणून शेवटी जोडण्याऐवजी मूळ साधन म्हणून आधी नोंदवाव्या लागतील, कारण ज्या काळात कॅमेरा आणि बातमीदार या सामन्यांना फिरकत नव्हते, त्या काळात वस्तीतली माणसेच या खेळाचा आश्रय होती आणि नोंदवहीही तीच होती.