बरणी, वाफ आणि १९४३ चा उन्हाळा

मंडळी, कैरी आपण मिठात घालतो, आवळा साखरेत मुरवतो. तिथे टिकवण्याचं काम मीठ आणि साखर करतात. पण फरसबी, मटार, मका हे चव न बदलता वर्षभर ठेवायचे असतील तर? या प्रश्नाशी लाखो बायका एकाच वेळी झुंजल्या, त्या १९४३ सालच्या अमेरिकेत.

युद्ध चालू होतं. पत्रा सैन्याकडे वळलेला. त्या वर्षीच्या मार्चपासून दुकानातल्या डबाबंद भाज्या-फळांवर रेशन आलं. सरकारने आवाहन केलं, परसात पिकवा. ‘व्हिक्टरी गार्डन’ म्हणत ते याला. अशा बागांची संख्या दोन कोटींच्या आसपास सांगितली जाते. आता बागेचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच! जून कोरडा जातो आणि ऑगस्टमध्ये टोमॅटो, घेवडा, मका सगळे एकदम दारात येऊन उभे राहतात.

बरणी होती. जॉन मेसन याने आट्यांच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट १८५८ मध्येच घेतलं होतं. कृती त्याहून जुनी. फ्रान्सच्या निकोला आपेर याने १८१० मध्ये ती पुस्तकातून जाहीर केली: अन्न काचेत भरा, तोंड घट्ट बंद करा, उकळत्या पाण्यात ठेवा. ते का टिकतं हे त्यालाही सांगता आलं नाही. पाश्चरचं संशोधन अजून पन्नासेक वर्षं लांब होतं.

आणि इथेच खरी मेख आहे. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावी अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं, तिघे दगावले. त्या हॅममधून व्हॅन एर्मेंगेम यांनी बोट्युलिझमचा जंतू शोधून काढला. या जंतूची बीजं १०० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तग धरतात आणि बंद बरणीत, हवेशिवाय, मजेत वाढतात. टोमॅटो, फळं आंबट, तिथे त्यांचं फारसं चालत नाही. फरसबी मात्र आंबट नाही. तिला सुमारे ११६ अंश लागतात, म्हणजे वाफेचा दाब हवा. अमेरिकन कृषी खात्याने १९१७ पासून हेच सांगितलं. तरी कित्येक घरांत फरसबी तीन-तीन तास उकळत राहायची. आजीने तसंच केलं होतं ना! बरं, बिघडलेली बरणी दरवेळी फुगत नाही की वासही मारत नाही.

मग प्रेशर कॅनर घ्यावा, तर तो मिळेना. ॲल्युमिनियम विमानांसाठी गेलेलं. एका खात्याने सांगायचं ‘दाबाशिवाय शिजवू नका’ आणि दुसऱ्याने त्या भांड्याचाच धातू अडवायचा, हा सरकारी कारभार. त्यात बाईचा काय दोष? पुढे उत्पादनाला परवानगी मिळाली. शेजारणी मिळून एक कॅनर वापरू लागल्या, शाळांमधून सामुदायिक केंद्रं उघडली. त्या वर्षी घराघरांत आणि अशा केंद्रांत मिळून ४०० कोटींहून अधिक बरण्या भरल्या गेल्याचा अंदाज आहे.

गोठवण्याचा मार्गही होता. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय याने लॅब्राडोरच्या थंडीत मासे झटक्यात गोठताना पाहिले होते. त्याच्या पद्धतीचं गोठवलेलं अन्न १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत आलं. गोठवण्यात जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. भाजी मात्र आधी उकळत्या पाण्यातून काढून गार करावी लागते, नाहीतर तिच्यातल्या विकरांमुळे चव उतरते. पण उणे १८ अंशांचा फ्रीझर तेव्हा थोड्याच घरी होता, तो सर्रास आला युद्धानंतर. तोवर शेतकरी कुटुंबं गावातल्या शीतगृहात कप्पा भाड्याने घेत. मांस आणि मटार एकाच कप्प्यात, आणि लागेल तसं जाऊन घेऊन यायचं.