जे. जे.चं ग्लिसरीन आपण विसरलो का?

गिरगावातून सी. पी. टँक, भेंडीबाजार करत गेलं की जे. जे. रुग्णालय. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे ॲडमिट झालेलं असतं. याच जे. जे.मध्ये १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण दगावले. मूळ आजाराने नव्हे, औषधाने!

मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवायला तेव्हा ग्लिसरीन देत. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यात वापरायचं रसायन, चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखंच. रुग्णांची लघवी एकाएकी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली.

उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. औषधखरेदी, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय, कुणालाच सोडलं नाही. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं.

आणि हे विष काही नवं नव्हतं. १९३७ साली अमेरिकेत त्याने शंभरावर बळी घेतले, तेव्हा १९३८ मध्ये तिथे कायदाच बदलला. आपल्याकडे? २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात पुन्हा तेच. तिथली लेकरं उपचारासाठी नागपूरला आणली, त्यातली कितीतरी घरी परतली नाहीत.

मूत्रपिंड असं अचानक बंद पडायला दरवेळी विषच लागतं असं नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होणं, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, पावसाळ्यातला लेप्टो, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, प्रोस्टेट वाढून अडलेली लघवी, कारणं बरीच. डॉक्टर लघवी मोजतात, रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहतात, सोनोग्राफी करतात. मग कारण दूर करायचं, सलाइन मोजून द्यायचं, गरज पडली तर डायलिसिस. वेळेत पोहोचलं तर बरेचदा मूत्रपिंड पुन्हा काम करू लागतं.

पण क्रिएटिनिन वाढलेलं दिसायला वेळ लागतो. म्हणून घरात कुणी आजारी असेल तर ताप किती, एवढंच विचारू नका. लघवी शेवटची कधी झाली, किती झाली, तेही विचारा. कमी वाटली तर थांबू नका, डॉक्टर गाठा. जाताना दिलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत न्या, फेकू नका.

आणि औषधाची प्रत्येक खेप रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी तपासली जाते का, हे सरकारला विचारत राहा. चौदा जीव गेल्यावर एवढं तरी विचारायलाच हवं.