एक्सपीची ती हिरवी टेकडी

शाळेच्या कम्प्युटर लॅबमधली ती हिरवी टेकडी आठवते? विंडोज एक्सपीचा वॉलपेपर. मी तर बीटेक होईपर्यंत तो फोटो एडिट केलेलाच समजत होतो.

तर, जानेवारी १९९६, कॅलिफोर्निया. नॅशनल जिओग्राफिकसाठी काम केलेला फोटोग्राफर चार्ल्स ओरिअर नापाहून मैत्रिणीला भेटायला निघाला होता. रस्ता नेहमीचाच. पावसानंतर ऊन पडलेलं. सोनोमाची टेकडी दिसली, गाडी थांबवली, मामिया कॅमेऱ्याने फिल्मवर चारदोन फोटो काढले आणि पुढे गेला. स्टॉक फोटोसाठी आपण आधी ट्रेंड शोधतो. याने फक्त खिडकीबाहेर बघितलं. फोटो वेस्टलाइट या एजन्सीकडे गेला, १९९८ मध्ये ती बिल गेट्सच्या कॉर्बिसने घेतली. पुढचं तुम्हाला माहितीये.

मी अडकलो ते गवतापाशी. तिथे एरवी द्राक्षाचे मळे. फिलॉक्सेरा नावाच्या किडीमुळे वेली उपटाव्या लागल्या, म्हणून टेकडी अशी मोकळी, हिरवीगार. बाग उपटणं म्हणजे काय, हे द्राक्षवाल्या घरात विचारा. २००६ मध्ये दोन कलाकारांनी तिथूनच पुन्हा फोटो काढला. टेकडीवर परत वेली होत्या.